नवे किचन, जुनाच ठेका

(तंजावर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात दुसऱ्या दिवशी दुपारी मराठीभाषक रेल्वे व टपाल कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे केलेले भाषण.)



दुपारची वेळ आहे, पोटात तंजावरचे जेवण आहे आणि वरचा पंखा संथ फिरतो आहे. अशा वेळी वक्त्याने महागाई भत्त्याचा हिशेब सुरू केला तर पाच मिनिटांत निम्मी सभा झोपते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. संयोजकांनी मला कंत्राटी पद्धतीवर बोलायला सांगितले आहे. मी बोलणारही त्याच्यावरच आहे, पण तो विषय आज स्वयंपाकघराच्या दाराने आत आणणार आहे. त्याचे कारण काल घडले.

काल सकाळी आम्ही कुर्डुवाडी-सोलापूरकडची मंडळी इथल्या मोठ्या देवळात गेलो होतो. १८०३ साली दगडात कोरून ठेवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहिला. आपली भाषा आपल्या गावापासून इतक्या लांब भिंतीवर वाचताना छाती भरून येते. तिथून सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. सरफोजी महाराजांच्या नावाचे ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ त्या ग्रंथालयाच्या संग्रहातले, ही माहिती इथल्याच एका निवृत्त पोस्टमास्तर काकांनी दिली. आणि परत येताना आमची बस गर्दीत अडकली ती नेमकी एका काचेच्या भल्यामोठ्या दुकानासमोर. काचेआड सबंध स्वयंपाकघर मांडलेले! लाल चकचकीत कपाटे, वर चिमणी, ओट्यावर टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदे. आमच्या सगळ्या भगिनी बसच्या एका बाजूला आल्या. बस कलते की काय असे मला वाटले. मागून कोणीतरी विचारले, “ह्याला किती पडत असतील हो?” आणि एक आवाज आला, “रिटायर झालात की कळेल!”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला कळले होते. रिटायर होण्याआधीच कळले होते.

आपल्या माणसाचा फंड आणि ग्रॅच्युइटी कुठे जाते? पहिल्यांदा मुलीचे लग्न, मग घर, आणि घर झाले की घरातले स्वयंपाकघर. पूर्वी या यादीत हे शेवटचे नाव नव्हते. आता आहे. महाराष्ट्रात आपण त्याला ‘ट्रॉल्या बसवल्या’ असे म्हणतो. रेल्वेवाल्याला ट्रॉली म्हटले की पीडब्ल्यूआय साहेबांची ट्रॉली आठवते, साहेब छत्रीखाली बसलेले आणि मागून गँगमन ढकलणारे. नव्या ट्रॉलीतही बसणारा एक आणि ढकलणारा दुसराच, एवढे लक्षात ठेवा. तिकडे मी येणारच आहे.

माझे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये सुतार होते. बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यांची दारे, खिडक्या, बाके हे त्यांचे काम. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात जी मांडणी होती, जे फडताळ होते, ते त्यांनी लिलावात घेतलेल्या खोक्यांच्या फळ्यांतून रविवारी बसून केलेले होते. आई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. आधी चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह. दर दोन मिनिटांनी उठायचे, पाणी घ्यायचे, परत बसायचे. पुढे गॅस आला आणि आमच्याकडे कडप्पाचा ओटा झाला. आंध्रातल्या कडप्पाकडून येणारा तो काळा दगड. वर दगड, खाली दोन उभ्या दगडी भिंती, मध्ये दगडाच्याच फळ्या. ना दार, ना बिजागरी. झुरळांना मोकळे रान. पण पाण्याने फुगायचा नाही आणि तांदळाची पन्नास किलोची गोणी ठेवली तरी हूं की चूं करायचा नाही. आई आयुष्यात प्रथम उभी राहून स्वयंपाक करू लागली आणि पहिले आठ दिवस तिचे पाय दुखले.

माझ्या सूनबाई टपाल खात्यात आहेत. काउंटरवर बसतात. सकाळी पाचला उठून तीन डबे करतात आणि साडेनऊला काउंटर उघडतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ट्रॉल्यांचा विषय काढला तेव्हा मी म्हणालो की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. तेव्हा आमच्या मंडळींनी मला जे उत्तर दिले ते तुम्हाला सांगतो, कारण रेल्वेवाल्याला ते लगेच समजेल. ती म्हणाली, “तुम्ही जन्मभर कामाच्या तासांसाठी भांडलात. कोण कंटिन्युअस, कोण इंटेन्सिव्ह, कोण इसेन्शियली इंटरमिटंट, सगळं मला पाठ झालंय. मग माझी ड्युटी कोणत्या रोस्टरमध्ये बसते?” मी गप्प बसलो. ती म्हणाली, “मी सांगते. एक्सक्लुडेड.”

पोस्टातल्या मित्रांसाठी सांगतो, आमच्या कामाच्या तासांच्या नियमांत ‘एक्सक्लुडेड’ म्हणजे ज्यांना तासांचा हिशेबच लागू नाही ते.

त्या दिवशी मी वाद हरलो आणि हरलो ते बरेच झाले, कारण मी या विषयावर वाचायला लागलो. आणि मला असे कळले की ज्या वस्तूला मी श्रीमंतांचा चोचला म्हणालो, तिचा जन्म कामगारांच्या चाळीत झालेला आहे आणि तिचे मूळ आपल्या रेल्वेत आहे!

ही गोष्ट जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराची, १९२६ सालची. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई होती. नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो घरे बांधायला काढली. घर लहान, भाडे परवडणारे हवे. त्यातले स्वयंपाकघर आखण्याचे काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या एका तरुण वास्तुशिल्पी बाईंकडे आले. त्यांनी आदर्श म्हणून काय घेतले असेल? राजवाडा नाही, हॉटेल नाही. रेल्वेच्या भोजनयानातले स्वयंपाकघर! जेमतेम जागेत दोन माणसे शंभरेक प्रवाशांचे जेवण काढतात ती कशी, हे त्यांनी पाहिले. घड्याळ लावून गृहिणीच्या कामाला किती वेळ लागतो ते मोजले. आणि साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब अशा खोलीत सगळे बसवले. हात लांब केला की डबा, वळले की मोरी. पीठ, तांदूळ, साखर यांचे ॲल्युमिनियमचे खण, त्यांवर नावे. पिठाला मात्र ओकच्या लाकडाचा खण, कारण त्यात अळी होत नाही. कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा समज होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. त्यांचा खर्च घराच्या भाड्यात धरलेला होता.

ही बाई पुढे हिटलरविरोधी लढ्यात पडली, १९४१ साली पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. २००० सालच्या जानेवारीत वारली तेव्हा शंभरी ओलांडून गेलेली होती. काचेआडच्या कुठल्याही दुकानात तिचे चित्र मी पाहिलेले नाही.

त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली. खोली इतकी अरुंद की दुसरे माणूस आत आले तर अडचण. म्हणजे नवऱ्याला मदत न करायला आयती सबब. बाई एकटीच आत कोंडली गेली, अशी तक्रार होती आणि ती खरी होती. पण बाईच्या श्रमाचे तास कोणीतरी प्रथम मोजले, हे विसरता येत नाही. त्या घड्याळाचा धाक कारखान्यात आपण सोसलेला आहे. इथे ते घड्याळ बाईचे पाय वाचवण्यासाठी लावले होते.

मग कामगाराची ही वस्तू दुकानाच्या काचेआड कशी गेली? अमेरिकेत १९७८ साली ‘होम डेपो’ नावाची कंपनी निघाली. लाकडापासून नळापर्यंत, कपाटापासून खिळ्यापर्यंत घराला लागणारे सगळे एका छपराखाली. स्वीडनच्या ‘इकिया’ने १९५० च्या दशकातच एक युक्ती काढली होती. टेबलाचे पाय काढून ते चपट्या खोक्यात घालून विकायचे. वाहतुकीचा खर्च कमी, आणि जोडणीचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आपल्याकडे एकाच ब्रँडच्या किरकोळ दुकानदारीत शंभर टक्के परकी भांडवलाला २०१२ साली मुभा मिळाली. इकियाचे पहिले दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला आणि नंतरचे २०२० च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला उघडले. देशी कंपन्याही मागे नाहीत. विक्रोळीचे गोदरेज, ज्यांचे लोखंडी कपाट १९२३ पासून लग्नात रुखवतासारखे मांडले जाते, ते स्वयंपाकघरे विकतात. रंगवाल्या एशियन पेंट्सने २०१३ साली ‘स्लीक’ या किचनच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. भिंतीचा रंग विकणाऱ्याला भिंतीवरचे कपाटही विकावेसे वाटले, म्हणजे या धंद्यात रस किती आहे ते समजा.

परकी कंपनी आली म्हणून ऊर बडवणाऱ्यांपैकी मी नाही, आणि या ज्या कंपन्यांची नावे मी घेतली त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रारही नाही. माझा अनुभव एका वेगळ्याच दुकानाचा आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. घेण्याची गरजही नाही.

त्या दुकानात आम्ही तिघे गेलो. थंडगार हवा, बसायला खुर्ची, कॉफी. एका मुलीने संगणकावर आमचे स्वयंपाकघर रंगीत काढून दाखवले, त्यात खिडकीबाहेर डोंगरसुद्धा होता. आमच्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे. कोटेशन झाले दोन लाख पाच हजार. मी आनंदाने सही केली. जन्मभर मॅनेजमेंटशी करार करताना स्वल्पविराम तपासणारा माणूस मी, पण घरच्या कागदावर डोळे मिटून सही केली. वरचा दगड वेगळा, नळकाम वेगळे, विजेचे पॉइंट वेगळे, कर वेगळा, हे हळूहळू उलगडत गेले आणि आकडा दोन लाख ऐंशी हजारांवर थांबला. पैसे मात्र माल निघण्यापूर्वीच जवळजवळ सगळे दिलेले. व्याज नसलेला हप्ता घ्या, असाही आग्रह होता. तिथे तेवढा मी सावध राहिलो. बँकांच्या अशा शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलेले असते, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना मनाई केली होती, हे मला आमच्या पतपेढीच्या कामामुळे माहीत होते.

पहिला पावसाळा आला. मोरीखालचा पाइप थोडा पाझरला आणि खालचे कपाट तळलेल्या पापडासारखे फुगले. दार बंद होईना. मी युनियनचा सेक्रेटरी, पत्र लिहिण्यात वाकबगार. चार मुद्द्यांचे खणखणीत पत्र ठोकले. त्यात “फिटिंग अत्यंत निष्काळजीपणाने केलेले असून संबंधितावर कारवाई व्हावी” असे वाक्य मोठ्या झोकात घातले.

चार दिवसांनी एक मुलगा आला. राजस्थानकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. पहिले फिटिंग त्यानेच केले होते. तो ओट्याखाली पाठीवर सरपटत शिरला, मोबाइलची बॅटरी दातांत धरून. आमच्या मंडळींनी चहा दिला तो त्याने बाहेर येऊन जमिनीवर बसूनच घेतला. मी जरा कडक आवाजात विचारले, काम असे का केले? तो शांतपणे म्हणाला, “अंकल, कंप्लेंट आपने दुकान की लिखी, कटी मेरी.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दुकान फक्त विकते. बसवण्याचे काम एका एजन्सीला दिलेले. एजन्सीने ते एका ठेकेदाराला दिलेले. ठेकेदाराकडे हा आणि याच्यासारखी दोन-तीन पोरे. हजेरी नाही, विमा नाही, फंड नाही. मशीन त्याचे स्वतःचे, एका बोटाला टाके पडलेले, तेही स्वतःच्या पैशाने. एक स्वयंपाकघर बसवले की अमुक पैसे, आणि त्यातले काही मागे ठेवलेले. तक्रार आली तर दुरुस्तीचा खर्च त्या मागे ठेवलेल्या पैशांतून वळता. आमच्या घरची ही त्याची दुसरी फेरी होती, तिचे पैसे नाहीत. आणि माझ्या पत्रातले ते झोकदार वाक्य त्याला फोनवर वाचून दाखवले होते.

मग त्याने फुगलेल्या फळीची कड सोलून मला दाखवली. आत भुसा. दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा. कोटेशनवर शब्द होता ‘वॉटरप्रूफ बोर्ड’. प्लायवूड असे कुठेही लिहिलेले नव्हते, ते माझे मीच धरून चाललो होतो. स्क्रू सरळ होते, कडा जुळलेल्या होत्या, त्या पोराच्या कामात खोट नव्हती. मी सुताराचा मुलगा आहे, एवढे मला कळते. पण पत्र लिहिण्यापूर्वी मी खाली वाकून पाहिले नव्हते.

मित्रांनो, तीस वर्षे मी कामगारांच्या चार्जशीटना उत्तरे लिहिली. आणि त्या दिवशी लक्षात आले की मी एका कामगाराला चार्जशीट दिली, शिक्षाही ठोठावली, आणि त्याचे म्हणणेसुद्धा ऐकले नाही.

माझ्या वडिलांनी बसवलेले डब्याचे दार अडकले तर काय व्हायचे? फोरमन ओरडायचा. फार तर मेमो यायचा. पण हातात पडणाऱ्या पगारातून परस्पर पैसे कापता येत नव्हते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात स्पष्ट होते की नुकसानीपोटी कपात करायची तर आधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. वडिलांच्या मागे तो कायदा होता आणि कायद्यामागे युनियन होती. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात ते वीस दिवस घराबाहेर होते. इथून तासा-दीड तासावर त्रिचीजवळ पोन्मलैचे, म्हणजे गोल्डन रॉकचे वर्कशॉप आहे. तिथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. सुताराच्या हातात सुखाने पगार पडण्यासाठी एवढे घडावे लागले. आणि तेच काम, तेच हत्यार, तेच लाकूड आज माझ्या घरात आले तेव्हा ते ठेक्याने आले आणि मला पत्ताही नव्हता.

तो मुलगा कोणाचा कामगार? दुकानाला विचारा, एजन्सीचा. एजन्सीला विचारा, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, हा स्वतंत्र कारागीर आहे. हा चेंडू आपल्या ओळखीचा आहे की नाही? पॅन्ट्रीकारमधला वाढपी गाडीत आपल्याबरोबर प्रवास करतो, पण तो परवानाधारकाचा. डबे धुणारा ठेकेदाराचा. टपाल खात्यातल्या बंधूंना तर मी काय सांगावे? ग्रामीण डाक सेवक खात्याचीच पत्रे वाटतो, लोक त्याला पोस्टमन म्हणतात, आणि तरी तो खात्याच्या नियमित नोकरवर्गात नाही.

कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि ती मर्यादा पन्नासवर गेली. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यावा, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते, नव्या संहितेतही आहे. पण जिथे तीन-तीन, चार-चार पोरांच्या टोळ्या वेगवेगळ्या नावाने फिरतात तिथे पन्नास मोजायचे कोणी आणि कुठे? काम कारखान्यात नाही, दुकानात नाही, ते तुमच्या-माझ्या घरात ओट्याखाली चालते. तिथे इन्स्पेक्टर येत नाही. तिथे फक्त आपण असतो.

पुढे मी काय केले ते सांगतो. दुसरे पत्र लिहिले. त्यात लिहिले की फिटिंगबद्दलचे माझे वाक्य चुकीचे होते, ते मी मागे घेतो, काम उत्तम आहे, दोष मालाचा आहे, आणि बसवणाऱ्याच्या पैशातून काही कापले असल्यास ते परत द्यावे. शेवटी ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षे. वकील लागतोच असे नाही. तेवढ्या उल्लेखाने काम झाले. मोरीखालची दोन कपाटे प्लायवूडची करून मिळाली. बसवायला मात्र दुसराच माणूस आला. त्या मुलाचा नंबर मी लावून पाहिला, तो बंद लागला. त्याचे पैसे परत मिळाले की नाही हे मला आजतागायत समजलेले नाही.

आता घेणाऱ्यांनी काय पाहावे? भगिनींनो, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी ठेच लागलेला माणूस म्हणून सांगतो. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कागदावरून खोडायला लावा आणि त्या जागी प्लायवूड कोणते ते लिहून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, मोरीखाली ते घ्यावे. इतरत्र आयएस ३०३ मधले पाण्याला टिकणारे, म्हणजे बीडब्ल्यूआर, चालते. फळीवर आयएसआयचा छाप स्वतः पाहा. बोर्ड भुशाचा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, स्वस्त पडतो, पण भुशाच्या किमतीत घ्या. कोटेशनमध्ये काय नाही ते आधी विचारा, काय आहे ते ते सांगतातच.

आणि ओट्याची उंची! दुकानात ती आधीच ठरलेली असते. ओटा स्वयंपाक करणारीच्या उंचीचा हवा. कोपर वाकवून उभे राहिल्यावर ओटा त्याच्या थोडा खाली आला म्हणजे पाठ वाचते. ओव्हनला त्या चित्रात जागा असते, पण आमच्या वर्षाच्या गव्हा-ज्वारीला नसते. इथल्या घरांत तर मोठी पंचाईत. काल रात्री ज्या मराठी कुटुंबात मी जेवलो त्यांच्याकडे इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर आहे. तो उचलायला मला दोन्ही हात लागले. तारेच्या ट्रॉलीत तो ठेवला तर ट्रॉली दोन दिवसांत रुळावरून उतरेल. त्या घरच्या काकूंनी गावच्या सुताराकडून जमिनीलगत जाड फळीचा एक कप्पा करून घेतला आहे, खाली चाके लावून. ग्राइंडर ओढला की बाहेर, ढकलला की आत. कोणत्याही काचेआड मी तो पाहिला नव्हता.

गावचा सुतार म्हटले की लगेच कोणी म्हणेल, त्याचा ‘उद्या’ कधी उगवत नाही. खरे आहे. तोही लटकवतो. दुकान निदान गॅरंटीचा कागद देते, आणि तो कागद माझ्या उपयोगी पडला. म्हणून सगळे दुकानदार चोर आणि सगळे सुतार संत असे मी म्हणत नाही. पण इथला सुतार असेल तर त्याला एवढे विचारा की कल्याण मंडळाकडे नाव नोंदवले आहे का? तामिळनाडूत बांधकाम कामगारांचे मंडळ १९९४ पासून आहे आणि सुतार त्यात येतो. नसेल नोंदवले तर आपल्यातल्या कोणीतरी त्याच्याबरोबर जाऊन फॉर्म भरावा. आपल्याला फॉर्म भरण्याची सवय आहे, त्याला नाही.

आणि एक सूचना मी आमच्या पतपेढीच्या पुढच्या सभेत मांडणार आहे, ती इथेही मांडतो. घरदुरुस्तीचे कर्ज आपलीच पतपेढी देते. २००४ नंतर लागलेल्या पोरांना जुना जीपीएफ नाही, ते तर सगळे कर्जानेच करतात. म्हणजे या दुकानांचे गिऱ्हाईक एकटे-दुकटे नाही, ते आपल्या रजिस्टरमध्ये नावानिशी आहे. मग कर्जाच्या अर्जाला जे कोटेशन जोडायचे त्यात बसवणाऱ्या कामगाराचे आणि त्याच्या ठेकेदाराचे नाव असावे, त्याची मजुरी वेगळी दाखवलेली असावी, आणि शेवटचा हप्ता काम पुरे झाल्यावर व मजुरी पोचल्याची पावती पाहून सोडावा, एवढी अट घालायला काय हरकत आहे? आमच्या कमिटीतल्या एका सभासदाने लगेच आक्षेप घेतला की दुकानदार असली अट मानणार नाही. एकट्या माणसाची मानणार नाही, हे मलाही मान्य आहे. वर्षाला चाळीस कर्जे देणाऱ्या पतपेढीला तो काय उत्तर देतो, ते मला पाहायचे आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी इथे जरूर बोलावे. मी सभेत उत्तर देण्यापूर्वी ते मला ऐकून घ्यायचे आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. इथल्या दोघा-तिघांनी सकाळीच मला सांगितले की त्यांच्याकडे अशी कोटेशने आलेली आहेत आणि सही व्हायची आहे. चहानंतर ती घेऊन या, आपण ओळ न् ओळ वाचू. सुताराचे काम कळणारे कोणी असेल तर त्यांनीही बसावे. आणि काकूंना विनंती आहे की त्या चाकांच्या कप्प्याची मापे लिहून द्यावीत, आमच्या मंडळींनी मागितली आहेत.